सदर इसम, माजी सैनिक

प्रकरण मिटलं. काल पोलीस ठाण्यातून तसं पत्रच आलं, शिक्क्यासकट आणि सहीसकट. शेवटी 'निकाली' हा शब्द आहे, खाली रेघ मारलेला. ते पत्र मी तीनदा वाचलं, बायकोला वाचून दाखवलं आणि घराच्या कागदपत्रांच्या फायलीत नीट लावून टाकलं. आता कुणी काही विचारलंच तर फाईल काढून दाखवता येईल. गेले पंधरा दिवस जिन्यात कुणाची पावलं वाजली तरी माझा जीव वरखाली होत होता. आज सकाळी पहिल्यांदा चहा गरम असताना प्यालो. तेव्हा आता सांगायला हरकत नाही.

सगळं झालं ते एका सिनेमापायी. त्याचं नाव मी घेणार नाही. जुना, मारधाडीचा, आमच्या लहानपणी भिंतीभिंतीवर ज्याची पोस्टरं होती असा. लढाईवरून परतलेला एक शिपाई असतो. मेलेल्या मित्राची पेटी त्याच्या घरी पोचवायला तो एका लहानशा गावात येतो. पेटी पोचवून परत निघतो, तर तिथले पोलीस त्याला भटक्या समजून धरतात, छळतात. तो बिथरतो आणि पळून जंगलात शिरतो. मग सगळं पोलीस खातं त्याच्या मागे. उरलेला सिनेमा म्हणजे झाडं, चिखल, सुरा आणि आरडाओरडा. आता असा सिनेमा माझ्यासारख्याचं काय वाकडं करणार, असं तुम्हांला वाटेल. मलाही वाटलं होतं. मी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात सव्वीस वर्षं काढलेला माणूस. माझ्या हातून आजवर झालेली सगळ्यांत मोठी मारधाड म्हणजे स्टेपलरमध्ये सापडलेलं माझंच बोट.

तर आमचे सासरे. वय चौऱ्याहत्तर, सैन्यातून निवृत्त. सैन्यात काय होता असं विचारलं की 'स्टोअरला' एवढंच सांगायचे आणि पेपर उघडायचे. त्या पेपरवर पुढचे सगळे प्रश्न आपटून खाली पडायचे. सासूबाई गेल्यावर ते गावच्या घरात एकटे राहत होते. एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि दुसऱ्या दिवशी दूधवाला आला तेव्हा कुठे ते जगाला कळलं. एक अख्खा दिवस थंड फरशीवर पडून होते, आणि दूधवाल्याला म्हणाले काय, तर आज अर्धा लिटरच दे. बायको तडक गेली आणि त्यांना घेऊनच आली.

त्याला आठ महिने झाले. आठ महिन्यांत आमच्या दोघांत जे संभाषण झालं ते एका पोस्टकार्डावर मावेल, आणि वर पत्ता लिहायला जागा उरेल. मी बैठकीत आलो की ते बाल्कनीत जायचे. ते बैठकीत आले की मला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. ते कधी मला रागावले नाहीत हे खरं, पण बघायचे मात्र असं की मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा कमरेचा पट्टा बांधायला लागलो. बाकी त्यांचा काही त्रास नव्हता. पहाटे उठायचे, वसाहतीमागच्या झाडीच्या टेकडीवर फिरायला जायचे, साडेसातला परत यायचे, स्वतःची कपबशी स्वतः विसळायचे.

आणि मग एके दिवशी जेवताना त्यांनी सांगून टाकलं की महिनाअखेर मी गावी जातो. झालं. नंतर ओट्याशी उभी राहून बायकोनं एकच कढई इतका वेळ घासली की मला कळायचं ते कळलं. ते परत गेले तर पुन्हा पडणार, आणि दूधवाला दरवेळी वेळेवर येईलच असं नाही. ती मला म्हणाली, "त्यांना इथं आपलं कुणी वाटत नाही. तुम्ही तरी कधी त्यांच्याजवळ बसलात का?" मी बसलो नव्हतो. आता हे मान्य करणं काही फार सुखाचं नव्हतं, म्हणून मी म्हणालो, बघच तू, मी काहीतरी करतो. नवऱ्यानं हे वाक्य बोलू नये. बोलला तर त्याचं तारीख-वार ठरवून काहीतरी करावंच लागतं.

काय करावं याचा विचार करता करता मला आठवलं, की आठ महिन्यांत सासरे आपणहून एक वाक्य बोलले होते. पेपरात त्या सिनेमाचं चित्र आलं होतं. चाळीस वर्षं झाली म्हणून. ते चित्रावर बोट ठेवून म्हणाले होते, "हा पाहिलाय मी. अर्धा." बस्स, मला धागा सापडला. माणसानं एवढा गाजलेला सिनेमा अर्धाच पाहिलाय, चाळीस वर्षं शेवट कळलेला नाही, आणि आपण जावई म्हणून घरात काय करतोय? इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पांढरी चादर लावायची, कार्यालयातला प्रोजेक्टर एक दिवस आणायचा, चार शेजारी बोलवायचे, मधल्या खुर्चीवर सासऱ्यांना बसवायचं. सैनिकाचा सन्मानही झाला आणि सिनेमाही झाला. अर्धा का पाहिला, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आवक-जावकमध्ये आम्ही पाकीट फोडत नाही, नोंद करून पुढे पाठवतो.

शेजाऱ्यांना सांगायला गेलो आणि तिथूनच गाडं घसरलं. चेअरमननी विचारलं, चादर कोणाची? मी म्हटलं माझी. मग हॉलच्या भिंतीला खिळा कोण मारणार, आणि तो नंतर काढणार की ठेवणार, यावर अर्धा तास गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना कल्पना फार आवडली. फक्त सिनेमातून मारामारी काढून टाका, म्हणाल्या. मारामारी काढली तर नावांची पाटी आणि एक नदी एवढंच उरेल, हे मी त्यांना समजावून सांगितलं. तर म्हणाल्या, नदी छान असते. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी मात्र गंभीर चेहरा केला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, दहापेक्षा जास्त माणसं जमवून सिनेमा दाखवणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी घेतलेली बरी. उद्या काही झालं तर? मी विचारलं, काय होणार? ते म्हणाले, तेच तर आपल्याला माहीत नसतं. वकिलांच्या या वाक्यापुढे माझं काही चालत नाही. त्यांच्या सल्ल्यानं आजवर मी माझ्या सायकलीचासुद्धा विमा उतरवलेला आहे.

ठाण्यात परवानग्यांच्या टेबलाशी जो कारकून होता तो स्वभावानं अतिशय चांगला होता, हे मी आजही म्हणेन. कार्यक्रमाच्या परवानगीचे छापील अर्ज संपले होते. छापायला गेलेत, पण येतील तेव्हा येतील, म्हणाला. मग त्यानंच तोड काढली. पहिलं पान साध्या कागदावर लिहा, त्यात विषय, तारीख, ठिकाण. दुसऱ्या पानासाठी त्यानं खणातून एक दुसराच छापील कागद काढून दिला. त्यावर वर 'माहिती देणाऱ्याचे नाव व पत्ता' आणि खाली 'तपशील' असं होतं. तपशिलात सिनेमात काय काय आहे ते लिहा, म्हणाला. थोडक्यात नको, नवे साहेब सगळं वाचतात.

थोडक्यात नको, असं मला सव्वीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. मी बाकावर बसलो, पेन झटकलं आणि मन लावून लिहिलं. आता लिहायचं म्हणजे मला एकच पद्धत येते. आमच्याकडे एकदा वर विषय लिहिला की खाली तो पुन्हा लिहायचा नसतो. तसं करणारा माणूस नवखा समजतात. तेव्हा 'चित्रपट' हा शब्द पहिल्या पानावर विषयात एकदा आला आणि दुसऱ्या पानावर मी तो कटाक्षानं टाळला. दुसऱ्या पानावर मी काय लिहिलं ते आता मला पाठ आहे, कारण नंतर ते मला चार वेगवेगळ्या लोकांनी वाचून दाखवलं:

'सदर इसम हा माजी सैनिक असून युद्धावरून परतल्यापासून कोणाशी फारसा बोलत नाही. त्यास रात्री झोप येत नाही. मागून कोणी हात लावल्यास तो एकाएकी बिथरतो. पोलिसांशी खटका उडाल्यानंतर सदर इसम वस्तीलगतच्या झाडीत शिरला असून त्याच्याजवळ धारदार सुरा आहे. आजपावेतो अकरा पोलीस कर्मचारी जखमी झाले आहेत. त्यास जिवंत पकडण्याचे प्रयत्न चालू आहेत. अखेरीस तो स्वतः ठाण्यात येतो व तेथे मोठाच प्रसंग उद्भवतो.'

खाली सही, आणि वर माहिती देणारा म्हणून माझं नाव आणि माझ्या घराचा पत्ता. कारकुनानं दोन्ही पानं घेतली. पहिल्या पानावर चेअरमनचा शिक्का नाही म्हणून ते बाजूला ठेवलं आणि दुसरं पान समोरच्या ट्रेमध्ये टाकलं. शिक्का घेऊन या, मग जोडतो, म्हणाला. मी आनंदानं घरी आलो. चेअरमन बाहेरगावी गेले होते, शिक्का त्यांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी, शनिवारी सकाळी सात वाजता मी दाढीला बसलो होतो. उजवा गाल झाला होता. दाराची घंटा वाजली, बायकोनं दार उघडलं, आणि मला दोन पुरुषांचे आवाज ऐकू आले. पोलीस होते. त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, की या घरात कुणी माजी सैनिक राहतात का. बायकोला वाटलं, मी सन्मानाचं काहीतरी जमवलंय, त्यातलंच हे असणार. ती कौतुकानं म्हणाली, हो, माझे वडील.

मग एकेक प्रश्न आले, आणि मी न्हाणीघरात हातात वस्तरा घेऊन ऐकत राहिलो. फारसे बोलत नाहीत का? नाही हो, ती म्हणाली, आठ महिने झाले, आमच्याशीसुद्धा नाही. रात्री झोपतात का? नाही, तीनला उठून बाल्कनीत बसतात. मागून हात लावला तर? बाई गं, ती म्हणाली, मागं एकदा मी शाल घालायला गेले तर असे दचकले की पेला फुटला. आत्ता कुठे आहेत? टेकडीवर, झाडीत. जवळ सुरा वगैरे? हो, लहानसा असतो खिशात, सफरचंद कापून खातात ना तिथं बसून.

पोलीस कशासाठी आले ते मला दुसऱ्याच प्रश्नाला कळलं होतं. पण खरं सांगतो, मी लगेच बाहेर धावलो नाही, याचं कारण भीती नव्हती. सिनेमातल्या माणसाबद्दल मी बाकावर बसून जे ऐटीत लिहिलं होतं, ते सगळंच्या सगळं माझ्या घरात होतं. बाल्कनीत. पलीकडच्या खोलीत. बायकोला त्यातलं प्रत्येक माहीत होतं आणि मला एकही नाही. पेला फुटला तेव्हा मी कुठे होतो? बहुधा स्वयंपाकघरात काम काढून बसलो असेन. मला स्वतःची इतकी लाज वाटली की दुसरा गाल करायचं सुचलंच नाही.

बाहेर आलो तोवर ते दोघे जिना उतरून गेले होते आणि खाली बिनतारी यंत्रावर कुणालातरी 'वर्णन जुळतंय' असं सांगत होते. मी एका गालावर फेस घेऊन त्यांच्यामागे धावलो, ओरडून म्हणालो की अहो, तो सिनेमा आहे. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, गाडीत बसले आणि गेले. माझ्या त्या अवतारावर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. जिन्यात शिक्षिकाबाई उभ्या होत्या. "मी म्हटलं होतं, मारामारी काढा," एवढंच त्या म्हणाल्या. वकिलांनी वरून वाकून सल्ला दिला, की काहीही विचारलं तरी बोलू नका. इथं मला बोलायचंच तर होतं.

बायकोला रिक्षात बसवून ठाण्यात पोचेपर्यंत मी तिला सगळं सांगितलं. ती रिक्षाबाहेर बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "त्यांना कुणी हात लावला तर?" मी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा जोरात घे.

ठाण्यात वेगळाच देखावा होता. 'अखेरीस तो स्वतः ठाण्यात येतो' हे वाक्य नव्या साहेबांनी लाल पेनानं रेखून ठेवलं होतं आणि त्यामुळे दारावर दोनाचे सहा पोलीस उभे होते. साहेब तरुण होते, हुशार होते, आणि पहिल्यांदाच स्वतंत्र ठाणं मिळालेले होते. मी घाईघाईनं विषय, पहिलं पान, शिक्का, चादर असं सगळं सांगितलं. ते म्हणाले, सिनेमा आहे असं यात कुठे लिहिलंय? मी म्हटलं, विषयात. विषय कुठाय? पहिल्या पानावर. पहिलं पान शोधायला कारकून हवा, आणि कारकून आज रजेवर. मी काकुळतीनं विचारलं, अकरा पोलीस जखमी झाले असते तर तुम्हांला कळलं नसतं का? साहेब जरा ओशाळले. म्हणाले, आम्ही शेजारच्या ठाण्याला विचारलं होतं. ते म्हणाले आमचे नाहीत, पुढच्या ठाण्याला विचारतो. पुढच्यांनी त्याच्या पुढच्यांना विचारलं. अशी चार ठाणी पालथी घालून झाली आणि सगळ्यांचं म्हणणं पडलं की आमचे नाहीत म्हणजे दुसऱ्या कुणाचेतरी असतील.

टेकडीवर आठ माणसं चढली होती. साहेबांनी बिनतारीवरून परत फिरायचा हुकूम दिला, पण झाडीत यंत्राला नुसती खरखर येत होती. बायको बाकावर पदर मुठीत धरून बसली होती. माझ्या डोळ्यांसमोर तो सिनेमा जसाच्या तसा उभा राहत होता. फक्त त्या शिपायाच्या जागी स्वेटर घातलेले आमचे सासरे. ते बिथरले तर? कुणी घाबरून काठी मारली तर? मी देवाला एवढंच म्हणत होतो की त्यांना धडधाकट परत आण. मग जाऊ देत गावी, जाऊ देत कुठेही.

पाऊण तासानं दारावर गडबड झाली. सहाच्या सहा पोलीस बाजूला सरकले आणि सदर इसम ठाण्यात आले.

एकटे नव्हते. त्यांच्या खांद्यावर हात टाकून एक धिप्पाड पोलीस लंगडत होता. पोलिसाच्या घोट्याला सासऱ्यांच्या मफलरची पट्टी होती, दोन्ही बाजूंना हिरव्या काटक्या लावून करकचून बांधलेली. मागे बाकीचे सात जण खाली मान घालून. त्यातल्या दोघांच्या कपड्यांना गवत चिकटलेलं. झालं असं, की घळीत उतरताना या धिप्पाड पोलिसाचा पाय मुरगळला, बाकीचे त्याला शोधता शोधता वाट चुकले, आणि सासऱ्यांनी एकेकाला हाका मारून गोळा केलं, पाय बांधला आणि सगळ्यांना रस्त्याला लावलं. मध्ये एका दगडावर बसवून सफरचंदाच्या फोडीही दिल्या. एकूण सुऱ्याबद्दलचा मजकूर तेवढा खरा निघाला.

साहेबांनी स्वतः खुर्ची दिली. चूक झाली म्हणाले, दोनदा म्हणाले. सासऱ्यांनी मान डोलावली आणि निघायला उठले. पण तसं निघता येत नव्हतं. नोंद झाली होती, आठ माणसं बाहेर काढली होती, चार ठाण्यांत चौकशी गेली होती. हे सगळं बंद करायचं तर सदर इसमाचा जबाब हवा. माझं ऐकाल तर, हा नियम ज्यानं कुणी केला असेल त्याचं भलं होवो.

जबाब लिहायला एक म्हातारे हवालदार बसले. चष्मा नाकावर, हाताखाली पुठ्ठा, अक्षर मोत्यासारखं. त्यांची गती अशी की एक वाक्य लिहून होईस्तोवर माणसाला पुढचं आपोआप सुचावं. फिरायला किती वाजता निघालात, पोलीस कुठे दिसले, हे झालं. मग त्यांनी सहज विचारलं, पट्टी अशी बांधायला कुठे शिकलात? सासरे म्हणाले, सैन्यात. सैन्यात काय होतात? स्टोअरला. हवालदारांनी चष्म्यावरून पाहिलं. स्टोअरला हे शिकवतात का, असं त्यांनी विचारलं. टोचून नाही, लिहायचं होतं म्हणून.

सासऱ्यांनी स्वेटरच्या बाह्या सारख्या केल्या. मग म्हणाले, "मी स्टोअरला नव्हतो. जखमींना उचलून खाली आणायचो."

बायकोनं मान वर केली. हवालदारांनी ते वाक्य लिहिलं आणि पेन तयार धरून म्हणाले, पुढे? आमच्या घरात आठ महिन्यांत कुणी त्यांना पुढे असं विचारलं नव्हतं. सासरे बोलायला लागले. हळूहळू, हवालदारांच्या हाताकडे बघून, त्यांना लिहायला जमेल अशा बेतानं. डोंगराचा उतार होता, दोन दिवस लढाई चालू होती, त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारानं मिळून एकोणीस जणांना खाली आणलं. मग जोडीदारालाही लागलं. विसावा माणूस तुकडीचा आचारी. अंगानं जाड. त्याला सासऱ्यांनी एकट्यानं पाठीवर घेतलं. तो वाटभर थट्टा करत होता, की माझंच जेवण खाऊन तुला माझं वजन पेलत नाही होय. अर्ध्या वाटेत म्हणाला, ठेव मला खाली, पाणी आण. सासऱ्यांनी त्याला ठेवलं आणि पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा तो संपला होता.

"पाणी किती अंतरावर होतं?" हवालदारांनी विचारलं. "चाळीस पावलं," सासरे म्हणाले. हवालदारांनी चाळीस लिहिलं, आकड्यात आणि अक्षरांत.

मग ते म्हणाले, या सगळ्यात त्या सिनेमाचा संबंध येतो, तेव्हा तो पाहिला आहे का तेही लिहावं लागेल. सासरे म्हणाले, अर्धा म्हणतो मी, पण तेवढाही नाही. सुरुवातीला तो शिपाई मित्राची पेटी घेऊन मित्राच्या घराच्या दारात उभा राहतो आणि त्याची आई दार उघडते. तिथं मी उठलो. आचाऱ्याच्या घरी मी कधी गेलोच नाही. जाऊन काय सांगणार होतो, पाणी आणायला गेलो होतो म्हणून? बायको तोंडाला पदर लावून रडत होती. मी चादर लावून, मधल्या खुर्चीवर बसवून त्यांना काय दाखवायला निघालो होतो, ते मला त्या क्षणी कळलं आणि मी मनातल्या मनात चेअरमनला, त्यांच्या कपाटाला आणि त्या किल्लीला हात जोडले.

सात पानं झाली. हवालदारांनी पद्धतीप्रमाणे सगळा जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटी त्यांनी आपल्या मनानं एक ओळ घातली होती. प्रत्येक जबाबाखाली घालत असावेत. 'सदर घटनेत जबाब देणार यांचा कोणताही दोष दिसून येत नाही.'

सासरे म्हणाले, "शेवटची ओळ परत वाचा."

हवालदारांनी परत वाचली. सासऱ्यांनी विचारलं, यातली घटना कोणती, आजची की तेव्हाची? हवालदारांनी चष्मा काढला, सात पानांवर हात ठेवला. म्हणाले, "एकच जबाब आहे बाबा. जे लिहिलंय त्या सगळ्याची." सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं. मग घोट्याला पट्टी बांधलेल्या त्या पोलिसाकडे बघून, पाय वर ठेव, असं त्याला सांगितलं. मला इतकं मोकळं वाटलं की मी त्या हवालदारांच्या पायाच पडलो असतो, पण मध्ये टेबल होतं.

सह्या झाल्या, प्रत्येक पानावर एक. सगळ्यांत शेवटी हवालदारांनी विचारलं, कायमचा पत्ता काय लिहू?

बायको बाकावरून उठली. मीही. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर वाळलेला साबण, कमरेला पट्टा नाही. पहिल्यांदाच त्यांची नजर माझ्यावर जराशी थांबली.

"यांना विचारा," ते हवालदारांना म्हणाले. "यांच्याकडेच असतो मी."

हवालदारांनी पेन माझ्याकडे वळवलं. मी इमारतीचं नाव सांगितलं, मजला सांगितला, रस्ता सांगितला आणि पिनकोडपाशी असा अडलो की सहा आकडे काही केल्या बाहेर पडेनात. शेवटी ते बायकोनं सांगितले.